पंच्याऐंशी रुपयांची बंदूक

अल खौद, मस्कत

प्रिय महमूद,

कॅटलॉगच्या पानाचा फोटो मिळाला. ‘एकनळी, बारा बोअर, किंमत रु. ८५, पॅकिंग व बोटभाडे वेगळे.’ खाली तुझा प्रश्न, आपा, आज हिचे किती येतील? अब्बांना जाऊन वर्ष झालं नाही आणि तू भाव काढायला बसलास. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, विचारलं तेवढ्याचं उत्तर आधी द्या, अक्कल मागाहून दाखवा. म्हणून आधी उत्तर.

मागच्या आठवड्यात माझा झैन मला इब्राला घेऊन गेला. तिथल्या बाजारात जुन्या बंदुका मिळतात. लांब नळीच्या एकीचे दुकानदाराने साडेचारशे रियाल सांगितले, म्हणजे आपले लाखभर. मी उठले तसा चारशेवर आला. लग्नात, ईदला इथले पुरुष अशा बंदुका मिरवतात, म्हणून हा भाव. आपल्या बंदुकीचं सांगितलं, तर म्हणाला, नळीवर चांदी आहे? नाही म्हटल्यावर, खलास, मग ते लोखंड. शिवाय इथे आणायला ती काय हापूसची पेटी आहे? लाखांचा हिशेब मिटव.

आजोबांनी ती मुंबईच्या कंपनीला पत्र लिहून मागवली, बैलजोडीच्या पैशात. भातात रानडुकरं उतरायची. शोभेसाठी नव्हती ती. अब्बा साफ करायला बसले की आपल्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचे, आठवतं? निवडणूक आली की नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. परत आणायची तारीख अब्बा विसरले तरी अम्मी आठवण करून द्यायची नाही. बंदूक बाहेर असली की तिला झोप लागायची.

अब्बांनंतर ती ठाण्यातच पडून आहे. परवाना तुझ्या नावावर व्हायला वारस म्हणून माझी संमती हवी. विकली नाही तर दिवाणखान्यात लावीन, खानदानाची शान, असं तू लिहितोस. तुझ्या दिवाणखान्याला आधी रंग दे.

मी सही करणार नाही. तलाक होऊन मुनिबा घरी परतली, त्यानंतर तुझ्या एकाही निरोपात लेकीबद्दल अवाक्षर नाही. बंदुकीचे मात्र फोटोवर फोटो. मला ती दर शुक्रवारी फोन करते. माझे गुडघे, इथला उकाडा, असंच काहीबाही. या शुक्रवारी मात्र म्हणाली, “फुफी, ती बंदूक घरी आली की चालेल का गं अजून?” कशाला, म्हटलं, तर सहज. मी आडवळणं घेतली नाहीत. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, असं सरळ विचारलं. ती रडली. नाही म्हणाली नाही. तेव्हापासून आम्ही रोज बोलतो, आणि डॉक्टरकडे जायला ती तयार झाली आहे, कोणी सोबत आलं तर. तुझा फोन दिवसभर स्पीकरवर, ती शेजारच्या खोलीत, आणि त्यावरचे निरोप तिच्याही नजरेस पडतात. म्हणून हुसैनमियाँ गावी निघालेत त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. तिकीट मिळालं की मीही येते. बंदूक ठाण्यातच सरकारजमा करून टाक. मुनिबाला एकटी ठेवू नकोस, उद्याच डॉक्टरकडे घेऊन जा. आणि आता हा कागद खिशात घालून तिच्या खोलीत जा. काही विचारू नकोस, उपदेश तर नकोच. नुसता जवळ बस.

तुझीच,
रागावलेली आणि घाबरलेली,
नसीबाआपा