देव पाण्यात, फिल्म पाण्यावर

३ नोव्हेंबर, देवास
आजपासून मी वैज्ञानिक. चुलत बहीण इरावतीताई इथल्या कॉलेजात रिसर्च करते. विषय: पाण्यावर पसरणारी पॉलिमरची पातळ फिल्म. सहा महिन्यांसाठी असिस्टंट हवाय. टेस्ट सोपी आहे. पाण्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा आणि पसरलेली फिल्म तारेच्या रिंगवर अख्खी उचलायची. फाटायला नको, सुरकुती नको. मुदत सतरा तारीख. ताई म्हणाली, विहंग, डिग्री नको मला, स्थिर हात पाहिजे. म्हणजे पोस्ट माझीच. मोबाइल रिपेअरिंग आणि मधमाश्या अर्धवट सोडल्या त्या याचसाठी, हे आत्ता कळलं.
मी सुमंगलाआत्याकडे राहतो. तिने ऐकलं आणि देव पाण्यात घातले. घरात नोकरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही म्हणाली. चार दिवसांचा प्रश्न आहे.

५ नोव्हेंबर
थिअरी झाली. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळ्या. पाण्यावर ऐसपैस पडून राहतात. दोन्हीकडून पट्टीने ढकललं की दाटी होते, आणखी ढकललं की घड्या पडतात. मी म्हटलं, अगदी माझा स्वभाव, मलाही ढकललेलं चालत नाही. ताई म्हणाली, पडून राहण्यापर्यंत जुळतं.

६ नोव्हेंबर, दुपारी ३
बादलीत अकरा थेंब. नऊ फिल्म फाटल्या, एक माशीला चिकटली, एक मला. कारण सापडलं: पाणी हलतं. हात नाही. आत्या म्हणाली, हो रे बाबा, पाण्यालाच चहा कमी कर म्हणावं.

८ नोव्हेंबर, धार
मोठं, शांत पाणी हवं म्हणून बसने इथल्या तलावावर आलो. वारा. बाटली उघडलीच नाही. तेवढ्यात ओळखीचा मानाजी मोटरसायकलवर भेटला. काय भिया, कुक्षीला बकरी पोचवायचीय, मागे धरून बस म्हणाला. रिसर्चमध्ये फील्डवर्क लागतंच.

११ नोव्हेंबर, कुक्षी
बकरी पोचली. रिंग तिने चावली, मग हरवली. उद्या निघतो.

१३ नोव्हेंबर, गंधवानी
'उद्या' हे ढोबळमानाने लिहिलं होतं.

१६ नोव्हेंबर, देवास, सकाळी ६
सापडलं! देवघरातली तांब्याची परात. तेरा दिवस न हललेलं पाणी. तळाशी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. आत्या फूलसुद्धा काठावर ठेवते. ती अंघोळीला गेली, मी एक थेंब सोडला. सरसर पसरला. गुलाबी, हिरवी, सोनेरी फिल्म. सुरकुती शून्य. मग आठवलं, रिंग नाही.

सकाळी ६.२०
आत्या आली. किंचाळली. मेल्या, देवांवर झाकण घातलंस म्हणाली. मग हातातली काचेची बांगडी काढून फिल्मखाली सरकवली आणि दुधावरची साय काढावी तशी एका झटक्यात उचलली. अख्खी. घे तुझा कचरा म्हणाली.
प्रयोग यशस्वी. आत्याचं सहकार्य नोंदवण्याइतकं नाही.

१७ नोव्हेंबर
ताईने बांगडी उजेडात धरली. म्हणाली, रंग दिसतात म्हणजे ही जाड आहे, आमची तर दिसतच नाही. मी म्हटलं, न दिसणारी फिल्म मी रोज बनवतो. पण सुरकुती एकही नाही, हे तिने मान्य केलं. मग म्हणाली, माझ्यासमोर कर.
सात वेळा केलं. आठव्या वेळी तिने विचारलं, बांगडी कोणाची?

२० नोव्हेंबर
देव बाहेर निघाले. नवस पुरा झाला. घरात नोकरी आली.
आत्याला. सोमवारपासून दहा ते पाच. ताई म्हणते, तीस वर्षं साय काढलेला हात आहे, असं यंत्र बाजारात मिळत नाही. मला वाईट वाटलेलं नाही. देवांना नाव नीट सांगायला हवं होतं, एवढंच.

२४ नोव्हेंबर, सकाळी ११
आत्या ड्यूटीवर गेली. जाताना सांगून गेली, दूध गार झालं की साय काढून ठेव, अख्खी.
फाटली. दूध हललं.