गालिचा धुणारी चारशेसात

पांढरकवडा,
ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. आरिफा हिस रहमतचाचाकडून सलाम व तोंडभर दुवा. वि. वि.

काल फोनवर तू मले एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून आता कागद. सरकीची गाडी पुसदकडे निघाली आहे, तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे पाठवतो. कागदाला मधेच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. आता आपला यंत्राचा सारा व्यवहार असाच होईल. भाची असतीस तर लाडानं सोडलं असतं, पण तू तर भावाची पोर, म्हणजे माझ्याच खोपडीची.

तुझं म्हणणं मी नीट समजून घेतलं. विमलताईंच्या मंगल कार्यालयात गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला आहे. तो उचलून तुझ्या अंगणात धुवायला आणता येत नाही. सकाळचं लग्न आटोपल्यावर संध्याकाळच्या रिसेप्शनच्या आत जो तो धुऊन वाळवून देईल, त्यालेच वर्षभराचं काम. नागपूरची एक कंपनीही मागे लागली आहे. आणि हे काम हातचं गेलं तर आमचे जावई तारिकमियां पंक्चरचं दुकान गुंडाळून तुले घेऊन नागपूरले जाणार, त्यांच्या भावाच्या गोदामात नोकरीला. तू एकटीनं घासून घासून उभा केलेला धंदा कुलूप लावून जायचा. हे मले मंजूर नाही.

यंत्र गाडीवर बसवायचं ही तुझी अक्कल मले पसंत आहे. इंजिन अन् पाण्याची टाकी बाहेर गाडीत, आत फक्त नळ्या. गरम पाणी एका नळीनं जाते, मळकं पाणी दुसरीनं ओढून येते. गाडी माझी जुनी चारशेसात घे, छोटा ट्रक असला तरी यंत्र आरामात मावते. यंत्र मात्र मी निवडतो. ट्रकच्या लाईनीत उमर गेली. इंजिन खोटं बोलते की खरं, हे मले चहा पिता पिता ऐकू येते.

तोवर कोणाले बयाणा देऊ नको. हलीमाचाची तुले विचारते, वजन का घटलं. पत्राची वाट पाहतो, लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
रहमतचाचा

•

पुसद,
ता. ९ नोव्हेंबर २०२५

ती. रहमतचाचांना आरिफाचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर मी मधे बोलते हे खरं, पण तुम्ही श्वास घेत नाही हेही खरं. तारिक म्हणतात, दोघंही एकाच कारखान्यातले आहात.

यंत्र तुम्ही निवडा, पण माझं एक ऐका. तुम्ही इंजिन ऐकाल, पिस्टन ऐकाल, आणि खूश होऊन याल. गालिच्याला इंजिनाचं काय करायचं? पाणी मारायला तर बादलीही पुरते. खरं काम आहे ते ओढून घेण्याचं. ओल आत राहिली की बुडाचा ताग खालून तपकिरी डाग वर पाठवतो, आणि दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो की नवरीच्या अत्तराचाही पाडाव होतो. मी हाताने धुतलेला गालिचा हिवाळ्यात दोन दिवस उन्हात पडून राहतो. विमलताई मला दुपारभरच देणार आहेत.

म्हणून या पत्रासोबत आमच्या मशिदीतली गालिच्याची एक जुनी पट्टी पाठवते आहे. वजूखान्याच्या दारातली आहे. नमाजाआधी हातपाय धुऊन येणाऱ्यांच्या ओल्या पायांनी तिच्यात माती अशी बसली आहे की मी तीनदा हरले. यंत्र कितीही गोड गाऊ द्या, या पट्टीवर चालवा आणि मग कोरडा रुमाल तळहाताने दाबून बघा. रुमाल ओला तर यंत्र नापास.

दुसरं, बोअरचं पाणी. आमच्या किटलीत पांढरा थर बसतो, तसाच तो यंत्राच्या गरम नळीतही बसेल. तेवढं बघा.

माझं वजन चाचीला सांगू नका, काळजीनं ती लाडू पाठवेल. खरं तर पाठवू द्या. तुमच्या मायेची सावली अशीच डोक्यावर असू द्या.

आपली,
आरिफा

•

पांढरकवडा,
ता. २२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. आरिफा हिस चाचाकडून सलाम, दुवा आणि चाचीकडून लाडू. वि. वि.

सारं सांगतो, सावकाश वाच.

आधी नागपूरले गेलतो. तिथं नवंकोरं यंत्र पाहिलं. बोट लावलं की दिवे लागतात, नवरदेवाच्या गाडीसारखं चमकते. विकणारा पोरगा इतका गोड बोलला की मले त्याची काळजी वाटली. मी फक्त एवढंच विचारलं की पंपाचं रबर गेलं तर काय करायचं. तो म्हणाला की पंप उघडतच नाही, अख्खा बदलायचा, बाहेरून मागवायचा, महिना धरून चाला. मी चहा संपवला आणि उठलो. न मोडणारं यंत्र अजून कोणी बनवलं नाही, बेटी. पाहायचं ते एवढंच, की मोडल्यावर ते पुसदात उभं होते की नाही.

मग आपल्या हायवेवरचा दलाल लालसिंग आला. हैदराबादचं एक मोठं हॉटेल बंद पडलं, त्याचं यंत्र त्यानं उचलून आणलेलं. लोखंडी सांगाडा, पितळी तोंडाचा पंप, स्टीलची टाकी. पंपाचं रबर आणि पट्टे फवारणी पंपाच्या दुकानातले चालतात, मी दुकानात नेऊन लावून पाहिले. गरम पाण्याची नळी खोलून आत बोट फिरवलं, थर नाही. हॉटेलवाल्यानं गोडं पाणी वापरलेलं. तूही बोअरचं घालू नको, पाणी मऊ करायची छोटी टाकी मी सोबत देतो.

इंजिन सुरू केलं तर असं चाललं, जसं दुधावर साय. पण मी इंजिनाले हात लावला तर ते आधीच गरम. मी यायच्या आधी लालसिंगनं ते तापवून ठेवलेलं. गरम इंजिन साऱ्यांशीच गोड बोलते. मी त्याच्याकडे जेवलो, त्याच्या नातवाले खाऊ दिला अन् घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो दात घासून राह्यला होता तेव्हा दारात जाऊन उभा झालो. थंड्या इंजिनाले किल्ली मारली, पेचकसाचं टोक मळकं पाणी ओढणाऱ्या पंख्याच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाले लावली. आत बेअरिंग गुरगुरत होतं, म्हाताऱ्या बोक्यासारखं. लालसिंग तोंडात ब्रश घेऊनच म्हणाला की पैज मारतो, बेअरिंग ठीक आहे. उघडलं, तर ठीक नव्हतं. नवं बेअरिंग त्याच्या खर्चानं बसलं.

आता तुझी पट्टी. यंत्र गात होतं, मी मिशीवर हात फिरवत होतो, गॅरेजची सारी पोरं गोळा झाली होती. पट्टी पांढरीफेक निघाली. मी ऐटीत रुमाल दाबला, तर रुमाल पिळायले आला! चाची दारात उभी राहून एवढी हसली की तिले ठसका लागला. ती म्हणाली, आरिफानं न येताच तुमची परीक्षा घेतली. खरंच, मी इंजिन ऐकलं, गालिच्याले विचारलं नाही. मग मळक्या पाण्याच्या टाकीचं झाकण पाहिलं. त्याचं रबर चपटं झालेलं, सारी ओढ तिथूनच वाया जाऊन राह्यली होती. नवं रबर बसवून पुन्हा पट्टी भिजवली. या वेळी रुमाल कोरडा.

यंत्र घेतलं. लालसिंगले सांगितलं की पास माझ्या पुतणीनं केलं, मी फक्त घासाघीस केली.

गाडी घेऊन पुढच्या रविवारी येतो. पेचकस तुझ्या हाती देईन. निरोगी यंत्राचा आवाज आधी कानात बसवून घे, मग आजार आपोआप ऐकू येते. लाडू मोजून पाठवले नाहीत, तूही मोजू नको. माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
रहमतचाचा

•

पुसद,
ता. १५ डिसेंबर २०२५

ती. रहमतचाचा आणि हलीमाचाचींना आरिफाचा सलाम. वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. ही बातमी कागदावरच शोभेल, आणि तुम्हाला ती साऱ्या टपरीला वाचून दाखवता येईल.

काल दुपारी विमलताईंच्या हॉलवर आमची परीक्षा झाली. आदल्या रविवारी नागपूरवाल्यांची झाली होती. त्यांनी धुतलं छान, पण रिसेप्शनला पाहुण्यांच्या साड्यांचे काठ ओले झाले. आमच्या वाट्याला आलेलं लग्न मोठं होतं. पंगतीच्या बाजूला रस्सा सांडलेला, मंचाजवळ हळद, आणि मधोमध कोणीतरी गुलाबजामाचा पाक पायाने दूरवर नेलेला.

गाडी खिडकीखाली लावली, म्हणजे धूर बाहेर राहिला. तारिक गाडीपाशी, मी आत नळ्यांची दांडी धरून. अर्धा हॉल झाला आणि दांडी गालिच्याला अशी चिकटली की मला सरकवेना. बाहेरचा आवाज घट्ट झाला, घशात घास अडकल्यासारखा. तुम्ही पेचकस लावून ऐकवलेला तो आवाज नव्हे, हे मला हॉलच्या मधोमध कळलं. दांडी टाकून धावले.

काय झालं होतं सांगू? ओढ फार वाढली की हवा आत घेऊन यंत्राला मोकळं करणारी ती छोटी झडप आहे ना, ती सुंसुं करते. आमच्या साहेबांची हयात पंक्चर काढण्यात गेली. हवेचा सुंसुं आवाज कानी पडला की त्यांचा हात थांबत नाही. त्यांनी पक्कड घेतली आणि झडप जीव खाऊन आवळली, वर माझ्याकडे शाबासकीच्या आशेनं बघत उभे! यंत्र थरथरत होतं. मी झडप सैल केली, सुंसुं परत सुरू झालं आणि इंजिनानं सुटकेचा श्वास टाकला. मी त्यांना म्हटलं की हे भोक बनवणाऱ्यानं मुद्दाम ठेवलं आहे, त्याच्या कामात हात घालू नका. ते बिचारे पुढची सारी दुपार हात पाठीमागे बांधून त्या सुंसुं आवाजापुढे उभे होते. एवढा संयम मी त्यांच्यात निकाहापासून पाहिला नव्हता.

काम वेळेत झालं. खिडक्या उघडल्या, पंखे लावले. दिवे लागायच्या सुमारास विमलताई आल्या. त्यांनी पिशवीतून नवे पांढरे मोजे काढले, खुर्चीवर बसून पायात घातले, आणि मंचापासून दारापर्यंत, तिथून पंगतीच्या बाजूने परत, अशा एकट्याच चालल्या. मग त्यांनी एक पाय उचलून तळवा पाहिला, दुसरा पाहिला. मोजे कोरडे आणि पांढरे. त्या म्हणाल्या की वर्षभराचं काम तुझं, आणि त्यांच्या बहिणीचं उमरखेडला कार्यालय आहे, तिलाही त्या आजच सांगतात.

तारिकनी तिथूनच भावाला फोन लावला. सांगितलं की नागपूरला येणार नाही, आरिफाला पुसदात माणूस कमी पडतो आहे. हे त्यांनी स्वतः म्हटलं, चाचा, मी शिकवलं नाही. माझे डोळे भरले, पण गालिचा ओला होईल म्हणून बाहेर जाऊन रडले.

दुवात आठवण ठेवा. तुमच्या जिव्हाळ्याला कधी गंज चढू नये.

आपली,
आरिफा

•

पांढरकवडा,
ता. २० डिसेंबर २०२५

चि. सौ. आरिफा हिस चाचा-चाचीकडून सलाम व जेवढ्या मावतील तेवढ्या दुवा. वि. वि.

पत्र टपरीवर वाचलं, दोनदा. मोज्यांपाशी आलो तेव्हा एक ड्रायव्हर उठून उभा झाला, जसा सामन्यात शेवटच्या चेंडूला होतात. लालसिंग तिथंच होता. तो आता साऱ्यांले सांगून राह्यला की यंत्र त्यानंच हेरून आणलं. सांगू दे, यश वाटून घ्यायले माणसं लागतातच. जावयांना सांग, झडपेचं मनावर घेऊ नका. ज्याच्या हातानं आयुष्यभर भोकंच बुजवली, त्यानं एक भोक उघडं सोडलं, ही लहान गोष्ट नाही.

परवा गाडी मी सर्व्हिसिंगच्या निमित्तानं परत मागवली, तेव्हा तू फोनवर शंका घेतलीस की चाचाचं मन फिरलं. मन फिरलं नाही. मी यवतमाळले गेलतो अन् गाडी तुझ्या नावावर करून आलो. नाही म्हणायची घाई करू नको, कागदाले मधेच तोडता येत नाही.

मग पेंटर बादलले बोलावलं. दारावरच्या माझ्या नावावरून तो नुसता रंग फिरवणार होता. मी म्हटलं, घासून काढ, नाही तर जुनी अक्षरं उन्हाळ्यात खालून डोकावतात. त्यानं घासलं तर माझ्या नावाखालून उत्तमसिंग शेटचं नाव निघालं. त्यांच्याकडेच मी या गाडीवर ड्रायव्हर होतो. गाडी घेतली त्या दिवशी मी इतक्या घाईत होतो की त्यांच्या नावावरूनच माझं लिहून घेतलं. बादलनं विचारलं की आता काय करायचं. मी त्याले दोन्ही नावं पत्र्यापर्यंत काढायले लावली.

आता कोऱ्या पत्र्यावर एकच नाव आहे: आरिफा, पुसद. वरच्या बाजूला त्यानं आपल्या मनानं कमळ काढलं, तेवढं चालवून घे. सोमवारी तारिकमियांना पाठव. गाडी दारात उभी आहे, मालकिणीची वाट पाहत.

तुझा,
रहमतचाचा