अकरा सेकंदांची पट्टी

३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
जुन्या जालन्यातल्या रामप्रसादभाऊंच्या कापड दुकानाची वेबसाइट, २००६. सगळं या हातानं केलेलं. पानाची मांडणी चौदा टेबलांत, टेबलांत टेबलं. लुकलुकणारं 'नवीन'. माउसमागं उडणारी फुलपाखरं. पाहुण्यांचा काउंटर. आणि वर धावणारी लाल पट्टी, तिच्यात दुकानाचा फोन नंबर. क्लास लावला नाही कधी. काउंटर आज ४१,२०६. त्यात तपासणीच्या माझ्या थोड्या फेऱ्या असतील.

५ नोव्हेंबर
भाऊ म्हणाले, अप्पाराव, गिऱ्हाईक आता मोबाइलवर पाहून राह्यलंय, नंबर लिहून घ्यायच्या आत पळून जातो. म्हणालो, मंग थांबावं त्यानं. बराबर अकरा सेकंदांत परत येतो, घड्याळ लावून मोजलंय. भाऊ हसले. त्यांचा माउस भिंतीवर फोडला.
संकल्प : राग बंद.

८ नोव्हेंबर
भाऊंची सून तृप्ती. तिनं नवा नमुना दाखवला. सगळं पांढरं, मधे एक साडी, खाली एक बटण. विचारलं, एवढी रिकामी जागा, प्लॉट पाडायचेत का? म्हणाली, काका, डोळ्याला बरं वाटतं. स्क्रीनमध्ये बुक्की घातली. हाताला चार टाके. स्क्रीन हलकीच होती.
संकल्प : दुकानाकडं फिरकायचं नाही.

१० नोव्हेंबर
सहज गेलो. मुद्दा शांतपणे मांडला. मांडताना भाऊंची कॉलर माझ्या मुठीत होती. त्यांनी कापड मोजायचा लोखंडी मीटर मनगटावर हाणला. मी त्यांना ताग्यांवर आपटलं. नाकातलं रक्त पांढऱ्या पॉपलिनभर. प्रथमच त्या पांढऱ्याला काही डिझाइन आलं. वाद मी जिंकला.

११ नोव्हेंबर, सरकारी दवाखाना, डाव्या हातानं
मनगट दोन जागी मोडलंय. वंदना, म्हणजे बायको, माफी मागायला दुकानात फोन लावणार होती. नंबरासाठी माझी साइट उघडली. नंबर पळाला. म्हणालो, थांब, अकरा सेकंद. पुन्हा पळाला. तिसऱ्या फेरीला मोबाइल माझ्या छातीवर हाणला, म्हणाली, तुम्हीच घ्या लिहून. शेवटचे दोन आकडे राहिले. डावा हात असल्यामुळे.

१२ नोव्हेंबर
भाऊच आले. नाकात कापूस. म्हणाले, पोलिसात जात न्हाई. साइटचा पासवर्ड तुम्ही देत न्हाई, मंग तृप्तीचा नमुना राहिला बाजूला. तुमची फुलपाखरंबी राहू द्या. तेवढी पट्टी एका जागी उभी करा.
वंदनानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.
नाही म्हणालो. नुसती पट्टी थांबवायचे पंचेचाळीस हजार देत होते.