हाडांच्या किनाऱ्यावरचा तांदळा

१९ जून

पोचलो एकदाचे जहाजावर. तामलवाडीत खत-बियाणं विकणाऱ्या माणसाची बायको उत्तर ध्रुवाच्या उंबऱ्यावर बसून वही लिहिते आहे, हे माझं मलाच खरं वाटत नाही. गेल्या हंगामात अमरनाथच्या दुकानाने सोयाबीनचं बियाणं असं काही विकलं की कंपनीने खूश होऊन आम्हा दोघांना डीलर टूरवर धाडलं. मागच्या खेपेला बँकॉक होतं, या खेपेला बर्फ. समोर मी त्याला 'अहो' म्हणते आणि वहीत अमरनाथ. लग्न जुनं झालं, एवढी मोकळीक वहीत तरी हवीच.

सोबत मुरूमचे शरणप्पा दाजी आहेत, तेही डीलर. त्यांची बायको शांताक्का म्हणजे अमरनाथची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्यामुळे माझ्या सासूची जागा तिने केव्हाच बळकावली आहे. तिने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ईट गावच्या खव्याचे पेढे आणलेत. एवढं सामान बघून विमानतळावरचा माणूस तिच्याकडे पाहतच राहिला होता.

जहाज छोटंसं. आमच्याकडे बारशालाही याहून मोठी पंगत बसते. खोली स्वच्छ, खिडकी गोल, पाणी काळंशार. इथे सूर्य मावळतच नाही. दिवेलागण झाली की नाही हेच कळत नसल्यामुळे अक्का हातात निरांजन घेऊन खोळंबली आहे. मी हसून हसून बेजार.

२० जून

दिवसभर बर्फाचे डोंगर. निळे, हिरवट, काही तर चक्क मळके. एक कडा कोसळला तेव्हा मळणीयंत्र सुरू व्हावं तसा आवाज आला आणि सगळे टाळ्या वाजवू लागले.

आमची गाईड हेल्गा. उंच, हाडापेराने मजबूत, खांद्याला कायम बंदूक, कारण इथे पांढरी अस्वलं आहेत. उतरण्याआधी बूट धुवायचे, किनाऱ्यावर काही टाकायचं नाही आणि तिथलं काही उचलायचं नाही, असं तिने बजावलं. दाजींनी लहान मुलासारखी मान डोलावली.

कंपनीने आमच्यासाठी शाकाहारी स्वयंपाक वेगळा ठेवला आहे. शेजारच्या टेबलावर मासा आला तर अमरनाथ पाठ फिरवून बसला. मी त्याला चिडवलं, की तुमच्यापेक्षा नवी सुनबाई बरी. तोही हसला. खूप दिवसांनी आम्ही दोघं दुकानाशिवाय बोललो. मला हा प्रवास संपूच नये असं वाटतंय.

२१ जून

आज रबरी बोटीतून किनाऱ्यावर गेलो. वाटेत एक लाट अशी आली की बोट उभीच राहिली. अक्काने माझा दंड इतका आवळला की वळ उठले आहेत. ती सोनारीच्या काळभैरवाचा धावा करत होती.

किनारा म्हणजे नुसती हाडं. वालरस म्हणून म्हशीएवढा, लांब सुळ्यांचा प्राणी असतो. चारशे वर्षांपूर्वी माणसं जहाजांतून येत आणि इथे पहुडलेल्या कळपांना भाल्यांनी भोसकत, असं हेल्गाने सांगितलं. पुढचे आधी मारायचे, म्हणजे मागच्यांची पाण्याकडे जायची वाट मढ्यांनी बंद होते. वाळू कित्येक दिवस लाल राहायची म्हणे.

त्या हाडांच्या मधोमध एक काळा, गोल, गुळगुळीत दगड होता. अगदी तांदळ्यासारखा, म्हणजे आमच्याकडे नाक-डोळे नसलेला देव असतो तसा. अक्काने तिथेच बसकण मारली. पर्समधून शेंदराची डबी काढली, शेंदूर तेलात कालवून दगडाला लावला, समोर पेढा ठेवला आणि सगळ्यांना धडधाकट घरी ने असं मागितलं. हेल्गा दुर्बिणीतून अस्वल शोधत होती. मी फोटो काढला. म्हटलं, ध्रुवावरचा पहिला देव मुरूमच्या बाईने बसवला.

दाजी मात्र तापले. देव बसवायच्या आधी तो काय खातो ते विचारायचं असतंय, म्हणाले. गोड खातो का वशाट-मटण, हे गावात माहीत असतं, इथं कोण सांगणार? आपण लिंगायत, आपल्याला कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य, आणि हिनं हाडांच्या ढिगात देव बसवला.

त्यावर अक्का अडून बसली, की आता बसवलाच आहे तर उपाशी सोडून जाता येत न्हाय. दगड जड. शेवटी अमरनाथनेच तो उचलला आणि छातीशी धरून जाकिटाखाली लपवून जहाजावर आणला. बहिणीचा शब्द त्याने आजवर मोडलेला नाही.

२२ जून

तांदळा अक्काच्या खोलीत आहे. पेढा काळा पडला.

उठल्याउठल्या अमरनाथ अक्काच्या खोलीत दगडापाशी जाऊन बसला. नाश्ता केला नाही. मी डेकवर गेले तर तो एका समुद्रपक्ष्याची मान पिरगाळत होता. शांतपणे, शेंग सोलावी तसा. मी ओरडले तेव्हा म्हणाला, त्याला भूक लागलीय. मग खाली जाऊन त्याने पक्ष्याचं रक्त दगडावर पिळलं. मी डोळ्यांनी पाहिलं. एक थेंब ओघळला नाही. दगड कोरडा.

त्यानंतर तो एकदम मूळपदावर आला. हात पाहून रडला, साबणाने घासघासून धुतले, मला म्हणाला शुभा, मला काय होतंय? मी त्याला कुशीत घेऊन बसले. मला फार भीती वाटते आहे.

दाजी म्हणतात, ज्यानं छातीशी धरून आणला तोच त्याचा पुजारी. त्यानंच जेवू घालायचं. ते उद्या दगड समुद्रात टाकणार आहेत.

२३ जून

दाजी गेले.

नाश्त्यानंतर ते दगड चादरीत गुंडाळून डेकवर निघाले होते. अमरनाथने जिन्यात गाठलं. दगड हिसकावला आणि त्यानेच त्यांच्या डोक्यावर – एकदा नाही. पुन्हा पुन्हा. मी त्याच्या पाठीवर लोंबकळत होते तरी त्याला कळलं नाही. दाजींचं कपाळ राहिलंच नाही. जिन्यावर रक्त नव्हतं. सगळं दगडाने प्यायलं.

मग तो पायरीवर बसला आणि विचारलं, दाजी असे का झोपलेत?

कप्तानाने त्याला एका रिकाम्या खोलीत कोंडलं आहे. बाहेर दाट धुकं, हेलिकॉप्टर येऊ शकत नाही म्हणतात. अक्का नवऱ्याशेजारी बसून आहे. रडत नाही. कपाळावरून हात फिरवायला जाते आणि हात हवेतच थांबतो.

दगड कप्तानाने कपाटात ठेवला होता. कपाट आतून फुटलं आहे. दगड अमरनाथच्या खोलीत. दार बंद असताना.

२४ जून

दार तोडलं त्याने.

बोट ओढायची लोखंडी आकडी हातात. जेवणघरात सगळे जमले होते. तो दाराशी उभा राहिला आणि आधी दाराजवळच्यांना – म्हणजे मागच्यांची वाट बंद – हेल्गाने सांगितलं होतं तसंच. अगदी तसंच. खानसामा, आमच्याच टूरवरचे बार्शीचे एक डीलर, त्यांची बायको. पोटात आकडी घालून ओढत होता. लोक एकमेकांवर चढत होते. मी टेबलाखाली. माझ्या हाताशी कुणाचातरी हात होता, नुसता हात.

हेल्गाने गोळी घातली. खांद्यात लागली. थांबला नाही.

मग पोट भरलं. त्याचं नाही, दगडाचं. अमरनाथ दगड छातीशी घेऊन आमच्या खोलीत आला आणि झोपला. मी त्याचा खांदा बांधला. झोपेत अक्का म्हणून हाक मारतो आहे.

हेल्गा बाहेर बोळात नेम धरून बसली आहे. आता तू त्याला झोपेत मारू देत नाहीस, पण उठून दाराबाहेर आला की मारणार, असं सांगितलं तिने. तिचं काही चुकत नाही. पण तो माझा अमरनाथ आहे. त्याने यातलं काहीच केलेलं नाही. हे कुणाला कसं सांगू?

अक्का आली होती. दाराच्या फटीतून म्हणाली, शुभांगी, माझ्या हातून लई वाईट झालं. आमचे हे म्हणायचे, तांदळा दुसऱ्यानं आपखुशीनं छातीला लावला तर पहिल्याला सोडतो. मी लावते. मी तिला आत घेतलं, पण दोन्ही हातांनी जोर लावूनही तिला तो उचलेना.

मला उचलेल.

२५ जून

घेतला. छातीशी धरला. थंड नाही. धडधडतो.

अमरनाथ जागा झाला. डोळे त्याचेच. विचारलं, शुभा, हे रक्त कुणाचं –

हेल्गाला ओरडून सांगितलं, तो बरा आहे, मारू नको. तिने पाहिलं. बंदूक खाली केली. आता अक्काला घेऊन वर गेली आहे.

मला डेकवर जायचंय. दगडासकट उडी. पाणी थंड आहे, वेळ लागणार नाही.

अमरनाथ जाऊ देत नाही. दारात आडवा. दगड मला दे, मी जातो म्हणतो. नाही देणार. पुन्हा नाही –

उजवा हात रिकामा ठेवायचा नाही. म्हणून लिहिते. लिहीत राहिलं की हात –

ही भूक माझी नाही. पोटात नाही. दातांत.

अहो, बाजूला व्हा. सांगितलं मी. दोनदा सांगितलं. तो रडतो आहे. म्हणतो तुला एकटीला जाऊ देणार नाही. कधीच नाही –

मिठी मारली. घट्ट. मान माझ्या तोंडाशी. शीर उडते आहे, दिसते, केवढी जवळ –

हेल्गाला हाक मारायला हवी. मला मार म्हणून. तोंड उघडलं. हाक निघत नाही, तोंड –