फणसाला तिसऱ्या वर्षी फळ

१५ जुलै १९७६
अंगणात फणस लावला. सगळ्या मोहाडीत असा फणस नसेल. रोपवाल्याची गॅरंटी आहे, तिसऱ्या वर्षी फळ. जागेसाठी बायकोचं, मंगलाचं, लिंबाचं झाड तोडावं लागलं. प्रोग्रेस म्हटला की एवढं होतंच. हिने जेवायला वाढलं. पहिला फणस तुझ्याच हातात देईन म्हणून वचन दिलं. शेजारच्या बायका लिंबू मागायला येतील, त्यांना मी समजावीन.

१६ जुलै
तिघींना समजावलं. एकीलाही समजलं नाही.

९ नोव्हेंबर
वाढ कमी. टॉनिक पाहिजे. मागावरच्या सुताला लावायची खळ रोज उरते. तांदळाची, पौष्टिक. ती बुंध्याशी ओतली. सूत ताठ होतं तर झाड का होणार नाही? ही म्हणाली, अशानं वाळवी लागन. बायकांना सायन्स कळत नाही.

२ डिसेंबर
वाळवी लागली. निव्वळ योगायोग.

११ मे १९७७, दुपारी दोन
ऊन भयंकर. पानं करपली. न खपलेलं एक लुगडं झाडाभोवती बांधलं. ही दारातून म्हणाली, मले दोन सालापासून नवं लुगडं नाई, अन् झाडाले हाय. मी म्हटलं, झाड फळ तरी देणार आहे. बोलून गेलो. आम्हाला मूल नाही, हे मला काय माहीत नव्हतं? फार वाईट वाटलं. उद्या सकाळी पहिलं काम, माफी मागणे.

१२ मे
सकाळी पाणी घालण्यात वेळ गेला. माफी संध्याकाळी.

२० जुलै १९७९
तीन वर्षं झाली. फळ नाही. पण तिसरं वर्ष कुठून मोजायचं हा पॉइंट आहे. वाळवीचं वर्ष धरायचं नाही. उन्हाळे तर धरायचेच नाहीत.

४ मार्च १९८२
झाड छपराच्या वर गेलं. पानं अप्रतिम. शेजारचे पुंडलिकराव बराच वेळ वर पाहून म्हणाले, हे फणसच हाय ना? त्यांना चहा दिला नाही.
माफीचं राहूनच गेलं. आता एकदम फणसासोबतच मागू.

१७ एप्रिल १९८५
हिचे मामा दादाजी अड्याळहून आले होते. त्यांनी जालीम उपाय सांगितला. एकाने कुऱ्हाड उगारून म्हणायचं, फळ नाही तर तोडतो. दुसऱ्याने हात धरून म्हणायचं, राहू द्या, पुढच्या साली लागन. झाड घाबरतं आणि फळतं. कुऱ्हाड मी, हात ही. उद्या सकाळी. यंदा शंभर टक्के.

१८ एप्रिल
पुंडलिकराव कुंपणावरून बघत होते. मी कुऱ्हाड उगारली. फळ नाही तर तोडतो, असं चांगलं मोठ्याने म्हटलं आणि थांबलो. ही हात धरेना. हात भरून आला, तरी उगारूनच उभा राहिलो. हळूच म्हटलं, मंगला, तुझं वाक्य.
तेव्हा ही म्हणाली, सासूबाई रोज मले हेच म्हनत होत्या. फळ नाई, काढून टाका, दुसरी आणा. तवा राहू द्या म्हनत मधात कोन आलं होतं? आवाज चढवला नाही. एवढं बोलून आत भात टाकायला गेली.
मी कुऱ्हाड खाली ठेवली.
आई बोलायची तेव्हा मी पलीकडच्या खोलीत मागावर असायचो. माग जोरात चालवायचो.