बुटांचे सोल बदलायच्या खोलीबाबत

मी, श्रीमती उमा एकनाथ लासूरकर, वय बहात्तर, राहणार समर्थनगर, क्रांती चौकाजवळ, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने मी हयात आहे तोवर येऊन खात्री करून घ्यावी, नंतरची तक्रार चालणार नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. माझ्या मुलाने आणून पाहिलं, पण ते त्याला जमलं नाही. धंदा म्हणून वकिलांनी ‘गृहिणी’ लिहायला सांगितलं होतं. मी ‘स्पोर्ट्स शूजचे सोल बदलणे’ असं लिहिलं आहे आणि ते तसंच ठेवावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर. माझे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. दिवसभर सह्या करून आल्यावर त्यांना घरच्या कागदावर सही करायचा कंटाळा यायचा, म्हणून हे घर पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरचा मजला, स्वयंपाकघर आणि मागच्या दोन्ही खोल्या मी माझा मुलगा देवेश याला देत आहे. तो पुण्याला असतो आणि त्याला घर बिल्डरला द्यायचं आहे. आजूबाजूला सगळे वर चढले, आपणच खाली राहिलो, असं तो म्हणतो. मी गेल्यावर त्याने खुशाल चढावं. फक्त रस्त्याकडची, वेगळं दार असलेली पुढची खोली त्यात धरू नये. तिचं कलम ५ मध्ये पाहावं. ती खोली प्लॅनच्या मध्ये येते, असं बिल्डर मला समजावून गेला आहे. मलाही ते माहीत आहे.

कलम २. एकनाथांचे पांढरे बूट मी नात वैदेही हिला देत आहे, कारण तिचा पाय माझ्यासारखाच मोठा आहे. हे बूट देवेशने वडिलांसाठी परदेशातून आणले होते. एवढे पांढरे, धुळीत कुठे घालायचे, म्हणून यांनी ते खोक्यात जपून ठेवले आणि २०११ साली जाताना तसेच ठेवून गेले. मला फार राग आला होता. तेराव्यानंतर मी ते बूट स्वतःच्या पायात घातले आणि फिरायला निघाले. क्रांती चौकात रस्ता ओलांडताना दोन्ही सोल पायाखालून सुटले. ठेवून ठेवून ते आतून भुसभुशीत झाले होते. मागून रिक्षावाला ओरडला, “माँजी, टायर निकल गया आपका!” सगळा चौक हसला आणि मीसुद्धा हसले, यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच.

चौकातल्या कारागिराने हात जोडले. “ये नहीं होता माँजी, नया ले लो.” नहीं होता म्हटलं की मला चैन पडत नाही. रविवारच्या बाजारात वरून फाटलेला पण खालून धडधाकट असा एक जोड मिळाला. त्याचे सोल काढून मी यांच्या बुटांना लावले. पहिले पंधरा दिवसांत निघाले. दुसऱ्यांदा लावले ते टिकले. वैदेहीने हे बूट खोक्यात ठेवल्याचं कळलं, तर ते तिच्याकडून काढून घ्यावेत.

कलम ३. हत्यारं, म्हणजे बोथट सुरी, आरी, ब्रश, सँडपेपर, चिकटवायच्या सोल्युशनचे डबे आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, हे सगळं बानाबाई भिकन शिंगाडे हिला द्यावं. तिचा नवरा भिकन हयात असून त्याचा या हत्यारांशी संबंध नाही, असं तिनेच मला लिहायला सांगितलं आहे.

बानाबाई मूळची देवगाव रंगारीकडची. २०१३ च्या उन्हाळ्यात तिकडे माणसांनाच प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा हिने मेंढरं विकली आणि शेजारच्या बांधकामावर कामाला आली. माझ्या दारात हंडा घेऊन उभी राहिली तेव्हा माझं लक्ष हंड्यापेक्षा तिच्या पायांकडे गेलं. कोणातरी पुरुषाचे टाकून दिलेले बूट, सोल सुतळीने बांधलेले. मी म्हटलं, आधी बूट काढ. ती घाबरली. पण मी सुरी घालून ओढाताण करायला लागल्यावर तिला राहवलं नाही. “सरका बाई, तुमच्या हातात जोर नाय. तुम्ही धरा, म्या वढते.” तेव्हापासून मी धरते आणि ती ओढते. आता कॉलेजातली मुलं आणि सकाळी फिरणारे आजोबा आमच्याकडे बूट आणतात. दारावर पाटी आहे: ‘बूट घरून धुऊन आणावेत. पाणी आमच्याकडेही नाही.’

पद्धत लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे वाद नको. सोलची कड हाताला जेमतेम सोसेल इतकी गरम करावी. सुरी टाचेकडून घालावी आणि घाई न करता सोल सोडवावा. जुनं सोल्युशन अ‍ॅसिटोनने पुसून दोन्ही बाजू सँडपेपरने खरखरीत कराव्यात. सोल्युशन दोन्हीकडे लावावं, पातळ. मग थांबावं. बोट लावलं तर चिकटता कामा नये. बानाबाई इथेच घाई करते, हे मी तिच्या देखत लिहीत आहे. नंतर पुन्हा ऊब देऊन पुढच्या टोकापासून दाबत यावं, बुटात चिंध्या ठासून भराव्यात, ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधावं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये. कडेची शिवण मारायची ती त्यानंतर.

गरम करायचा हेअर ड्रायर सूनबाई मृण्मयी हिचा आहे, तो तिला परत करावा. तो मी मागून घेतला होता. केस वाळवायला, असं ती समजली आणि मी काही बोलले नाही.

कलम ४. देवघर. तेही देवांसकट मृण्मयीला. त्याच्या खालच्या कप्प्याबद्दल खुलासा करणं भाग आहे.

सोल्युशन वाळताना त्यावर धूळ बसली की सगळी मेहनत फुकट जाते. दुष्काळात नळ आठवड्याने यायचा, फरशी पुसायची सोय नव्हती, आणि चहूबाजूंनी बांधकामं. घरभर धूळ. बिनधुळीची जागा एकच उरली होती, देवघराचा दार लागणारा खालचा कप्पा, जिथे वाती आणि कापूर ठेवतात. मी एका गिऱ्हाइकाचा जोड तिथे ठेवला. दुसऱ्या दिवशी रामनवमी आहे हे साफ विसरले.

धाकटे दीर केशवभावजी आरतीला आले आणि कापूर घ्यायला खाली वाकले.

“वहिनी, हे काय आहे?”

“बूट आहे, भावजी. हात लावू नका, ओला आहे.”

पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य करणारं घर. भावजी आरती अर्धी टाकून निघून गेले आणि नंतर कित्येक वर्षं त्यांनी या घरात पाणी घेतलं नाही. मी देवाची क्षमा मागितली, भावजींची मागितली नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. एक दिवस ते कापडी पिशवी घेऊन पुढच्या खोलीच्या दारात आले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, “वहिनी, डावा उघडलाय.” मी बूट हातात घेतला. बानाबाईने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते प्यायले.

भावजींना मी काही ठेवत नाही. त्यांना साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणाले, आणि मला ती सोय आवडली. शिवाय उद्या त्यांना ‘मला ठाऊकच नव्हतं’ असं म्हणता येणार नाही.

कलम ५. पुढची खोली माझ्या मृत्यूनंतर बानाबाई भिकन शिंगाडे हिच्या मालकीची होईल. तिने तिथे हेच काम चालू ठेवावं. देवेशने हरकत घेऊ नये.

(वरील कलम मी स्वतः खोडलं आहे. बाजूला सही केली आहे. उ. ए. लासूरकर)

कलम ६. कलम ५ का खोडलं ते असं. लिहून झाल्यावर मी ते बानाबाईला वाचून दाखवलं. ती एक सोल घासत होती. तिने मान वर केली नाही.

“म्हंजी तुम्ही मेल्यावर?”

“हो.”

“आन्‌ तवर?”

“तोवरही तुझीच की.”

“माझी कुठली? किल्ली तुमच्या कमरंला.” तिने बूट खाली ठेवला. “बाई, तुम्ही गेल्या आन्‌ देवेशभाऊ दारात आले, तर म्या त्यांला काय दावू? ह्यो कागूद? ते म्हणतील, म्हातारीचं डोस्कं फिरलं हुतं. तवा तुम्ही नसणार सांगायला. द्यायची तर जित्तेपणी द्या, तुमच्या डोळ्यांदेखत. नायतर ऱ्हाऊ द्या. म्या बिडकीनला कंपनीत झाडू मारायला जाते.”

मला राग आला. आयती खोली देत असताना ही बाई मला अटी घालते! दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. पण तिचं म्हणणं खरं होतं. देवेशशी भांडायचं मी माझ्या मरणानंतर तिच्यावर ढकलून मोकळी होत होते. असलं मला शोभत नाही. मी देवेशला फोन लावला आणि खोली आत्ताच बानाबाईच्या नावावर करते आहे, असं सांगितलं.

 तो म्हणाला, “आई, मला विचारायचं तरी.”

“विचारतेच आहे. हो म्हण.”

तो तोंड पाडून आला, पण पुण्याहून आला आणि नोंदणी कार्यालयात माझ्या शेजारी उभा राहिला. बक्षीसपत्र रीतसर नोंदवलं गेलं. तेव्हा पुढच्या खोलीबाबत या मृत्युपत्रात द्यायला माझ्याकडे काहीही शिल्लक नाही. किल्ली मी देवेशच्या समोर बानाबाईच्या हातावर ठेवली. तिने ती पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाली, “या उद्या. नवाला उघडते म्या.”

आज देवपूजा आवरून जाईपर्यंत दहा वाजले. दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर बानाबाई म्हणाली, “व्हय बाई, ही काय येळ झाली का यायची? धरा हिकडून.”

उभ्या जन्मात मला असं कोणी बोललं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी बसले आणि धरलं.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. साक्षीदारांनी माझ्या समोर आणि मी त्यांच्या समोर सही केली.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ मे २०२४

सही: उमा एकनाथ लासूरकर

साक्षीदार:
१. केशव लासूरकर (दीर)
२. डॉ. साहेबराव जगदाळे, समर्थनगर (लिहून देणार यांची प्रकृती तपासली. उत्तम आहे.)