तालमीखालची जागा

रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता खर्ड्याच्या तालमीत, भर सत्कारात, वस्ताद अंगद मुरूमकर माईकवरून म्हणाले, "ही पोरगी आमच्याच मातीत घडली." म्हणून हे मृत्युपत्र.

मी, शकुंतला गहिनीनाथ सुरवसे, वय ७१, सेवानिवृत्त मेट्रन, रा. खर्डा, ता. जामखेड, पूर्ण शुद्धीवर आहे. त्या दिवसापासून रक्तदाब वाढला आहे, पण त्याने बुद्धी जात नाही. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस गावात नाही.

१. ही पोरगी म्हणजे माझी भाची दिशा, मिक्स्ड मार्शल आर्ट्समधली राष्ट्रीय विजेती. ती आठवीत असताना तिचे वडील, माझे दिवंगत बंधू अमृत, यांनी तिला तालमीच्या हौद्यात उतरवले. वस्तादांनी "माती बाटली" म्हणून सगळा हौदा उपसला, माती माझ्या कुंपणाबाहेर ओतली आणि हळद-ताक घालून नवी भरली. टाकलेली माती मी घमेल्याने परसात आणली. तिच्यावर दिशाने धोबीपछाड घोटली. पुढे ती पुण्याला मॅटवर गेली, तिथून या नव्या खेळाच्या जाळीच्या पिंजऱ्यात, आणि अंतिम लढत त्याच डावावर जिंकली. म्हणजे वस्ताद खरेच बोलले. तेच जास्त झोंबते.

सत्कारात शेजारची अफ्रीन उठून म्हणाली, "वस्ताद, मग मी उद्यापासनं येऊ का?"

"तू बाहेरनं बघ बाई. आत पोरींचं काम न्हाई."

लोक हसले. दिशाने फेटा काढून खुर्चीवर ठेवला. घरी आल्यावर म्हणाली, "आत्या, पिंजऱ्यात कधी भीती वाटली नाही. त्या हौद्याच्या काठावर अजून वाटते."

२. राहते घर, परस आणि बँकेतील ठेवी दिशाला.

३. सत्काराच्या फ्लेक्सवर वस्तादांचा फोटो दिशाच्या दुप्पट होता. तो फ्लेक्स मी उतरवून ठेवला आहे. तो वस्तादांना द्यावा. गोठा गळतो म्हणतात.

४. तालीम माझ्या मालकीच्या जागेवर उभी आहे. वडिलांनी दिलेली परवानगी तोंडी होती. ही जागा दिशाला. तिने तिथे मुलींना शिकवावे. वस्तादांना यायचे असल्यास खिडकी आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी क्षमा शिकवली. त्या विषयात मी काठावर पास होते.

ठिकाण: खर्डा. दि. २० फेब्रुवारी २०२६.
सही: शकुंतला ग. सुरवसे
साक्षीदार: १. सरवरी दाऊद शेख (अफ्रीनची आजी) २. हनुमंत मच्छिंद्र गीते

प्रत: वस्ताद व तालीम समिती. मुलींना हौद्यात प्रवेश देण्याचा ठराव केल्यास कलम ४ बदलीन. माझ्या मरणाची वाट पाहत बसू नये. मृत्युपत्राला थांबावे लागते, कुलपाला नाही. सोमवार, दि. १६ मार्च २०२६, सायंकाळी पाचच्या आत उत्तर द्यावे. निरोप, फोन चालणार नाहीत. लेखी हवे, वस्तादांच्या सहीने.